एकास एक : मॅक्रो छायाचित्रणाची लेन्स आणि तिचा सरंजाम

लेन्सच्या नळीवर ‘मॅक्रो’ हा शब्द कोणी छापावा आणि कोणी छापू नये याला बाजारात कसलाही नियम नाही. त्यामुळे ७० ते ३०० मिलिमीटरच्या साध्या झूम लेन्सवरही तो दिमाखाने झळकतो आणि ती विकत घेणाऱ्याची समजूत होते की आता मुंगीच्या मिशासुद्धा मोजता येतील. शास्त्राने मात्र या शब्दाचा अर्थ एका गुणोत्तराशी बांधून ठेवला आहे. कॅमेऱ्यातील सेन्सरवर, म्हणजे पूर्वी जिथे फिल्म असे त्या जागी बसवलेल्या प्रकाशग्राही पट्टीवर, पडणाऱ्या वस्तूच्या प्रतिमेची लांबी आणि त्या वस्तूची प्रत्यक्ष लांबी यांच्या गुणोत्तराला विवर्धन म्हणतात. दहा मिलिमीटरचा किडा सेन्सरवरही दहा मिलिमीटरचाच उमटला तर ते विवर्धन १:१, म्हणजे एकास एक झाले, आणि इथपर्यंत कोणतीही जोड न लावता पोहोचणारी लेन्स तेवढी खऱ्या अर्थाने मॅक्रो समजावी, असा संकेत रूढ आहे. झूम लेन्सवरचा ‘मॅक्रो’ बहुतेक वेळा एकास चार किंवा फार तर एकास दोन या मजलेवर थांबतो. कमळाच्या फुलाला तो पुरतो, कमळावर बसलेल्या माशीला पुरत नाही.

या लेन्सचा जन्म किड्यांसाठी झाला असे समजण्याचे कारण नाही. हाइन्झ किल्फिट यांनी १९५५ मध्ये बाजारात आणलेली ४० मिलिमीटरची ‘माक्रो-किलार’ ही ३५ मिलिमीटर फिल्मच्या सिंगल लेन्स रिफ्लेक्स कॅमेऱ्यासाठीची पहिली खरी मॅक्रो लेन्स मानली जाते. त्यानंतर वर्षभरात, १९५६ मध्ये, निकॉनने ५ सेंटिमीटरची ‘मायक्रो-निक्कोर’ काढली ती जपानी कागदपत्रांच्या मायक्रोफिल्मसाठी, कारण रोमन अक्षरांच्या मानाने कांजी चित्राक्षरांतील रेघांची गर्दी इतकी दाट की पाश्चात्त्य मजकुरासाठी चालून जाणारी लेन्स तिथे अक्षरांची शाईच करून टाकत असे. निकॉन आजही आपल्या अशा लेन्सना ‘मायक्रो’च म्हणते, कारण ‘मॅक्रो’ हा शब्द वस्तूपेक्षा मोठ्या प्रतिमेसाठी राखून ठेवावा असा तिचा जुना आग्रह आहे. शब्दकोशाच्या दृष्टीने तो बरोबर असेलही, दुकानात मात्र त्याने गोंधळात भरच पडते. कागदपत्रांच्या या वारशाचा एक गुण मात्र मॅक्रो लेन्समध्ये कायमचा उतरला आहे. साधी लेन्स दूरच्या दृश्यासाठी घडवलेली असते आणि जवळ आणली की तिच्या प्रतिमेच्या कडा सैल पडतात. मॅक्रो लेन्सची काचरचना जवळच्या अंतरासाठी आणि सपाट पृष्ठभागासाठी सुधारलेली असल्याने चौकटीच्या मध्यात आणि कोपऱ्यात ती जवळजवळ सारखीच तीक्ष्ण राहते.

एकास एक म्हणजे नेमके किती, हे सेन्सरच्या आकारावरून समजते. फुल फ्रेम सेन्सर ३६ मिलिमीटर रुंद आणि २४ मिलिमीटर उंच असतो, तेव्हा एकास एक विवर्धनाला चौकटीत मावणारे जगही तेवढेच, म्हणजे मोठ्या टपाल तिकिटाएवढे. कास पठारावर जांभ्या दगडाच्या पातळ मातीत उगवणारी दवबिंदूची कीटकभक्षी वनस्पती, जिची लालसर पानांची चकती दोन-तीन सेंटिमीटरची असते, या चौकटीत नेमकी बसते; शेजारी उगवणारे सीतेच्या आसवांचे सेंटिमीटरभर निळे-जांभळे फूलही पुरेसे मोठे दिसते. उडी मारणाऱ्या कोळ्यांची गोष्ट वेगळी आहे. २०२१ मध्ये महाराष्ट्रातून शास्त्राला नव्याने ज्ञात झालेल्या आणि २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबईवरील हल्ल्यात प्राण देणाऱ्या तुकाराम ओंबळे यांच्या स्मरणार्थ ‘आयसियस तुकारामी’ असे नाव दिलेल्या कोळ्याचा गट याच उडी मारणाऱ्या कोळ्यांचा आहे. या गटातील अनेक जाती पाच मिलिमीटरच्या आतबाहेर असतात, आणि पाच मिलिमीटरचा कोळी फुल फ्रेमच्या रुंदीचा सातवा हिस्सा तेवढा व्यापतो. चोवीस मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात रुंदीला सहा हजार बिंदू असतात, त्यांपैकी आठशे-साडेआठशे त्याच्या वाट्याला येतात. ओळख पटवायला ते पुरतात, डोळ्यांत आभाळाचे प्रतिबिंब पाहायला पुरत नाहीत. लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यांकडे एरवी कमीपणाने पाहिले जाते, पण इथे त्यांची बाजू वरचढ ठरते, कारण मायक्रो फोर थर्ड्स जातीच्या कॅमेऱ्याचा सेन्सर जेमतेम सतरा मिलिमीटर रुंद असल्याने तोच कोळी त्याच विवर्धनाला चौकटीच्या रुंदीचा दुप्पट भाग भरतो.

विवर्धनाचा हा आकडा खोक्यावर ठळक छापलेला असतो आणि बहुतेक खरेदी त्याच्याच आधारावर होते. ज्या आकड्यावर प्रत्यक्ष काम अवलंबून असते तो मात्र खोक्यावर सहसा नसतो. लेन्सच्या पुढच्या काचेपासून वस्तूपर्यंत उरणाऱ्या मोकळ्या जागेला ‘वर्किंग डिस्टन्स’ म्हणतात. त्याला कामाचे अंतर म्हणता येईल. खोक्यावर असते ते किमान फोकस अंतर, आणि ते मोजलेले असते थेट सेन्सरपासून. कॅमेऱ्याच्या माथ्यावर मधून रेघ गेलेल्या लहानशा वर्तुळाचे जे चिन्ह असते ते नेमकी हीच जागा दाखवते. या अंतरातून कॅमेऱ्याच्या पोटातली जागा आणि लेन्सची स्वतःची लांबी वजा केली की उरते ते कामाचे अंतर, आणि ही वजाबाकी दुकानात उभ्या उभ्या कागदाच्या कपट्यावर करता येते. निकॉनच्या ६० मिलिमीटर मायक्रो लेन्सचे किमान फोकस अंतर साडेअठरा सेंटिमीटर आहे. लेन्सची लांबी सुमारे नऊ आणि कॅमेऱ्याच्या पोटातले साडेचार-पावणेपाच वजा जाता एकास एकवर लेन्सपुढे फक्त पाच सेंटिमीटर उरतात. कॅननच्या १०० मिलिमीटर एफ/२.८ एल लेन्सला हीच वजाबाकी लावली, तर तीस सेंटिमीटरमधून तेरा-चौदा उरतात, आणि त्याच कंपनीच्या १८० मिलिमीटर लेन्सला अठ्ठेचाळीसमधून सुमारे पंचवीस.

लेन्सचे साधे सूत्र पाहिले, तर एकास एक विवर्धनाला वस्तू आणि सेन्सर यांतले एकूण अंतर फोकल लेंथच्या, म्हणजे लेन्सवर छापलेल्या मिलिमीटरच्या आकड्याच्या, चौपट असायला हवे, म्हणजे १०० मिलिमीटरच्या लेन्सला चाळीस सेंटिमीटर. प्रत्यक्षात ते तीसच भरते, कारण आतल्या काचा सरकवून फोकस करणाऱ्या आधुनिक लेन्सची फोकल लेंथ जवळच्या अंतरावर गुपचूप आखडते. शंभराची म्हणून विकत घेतलेली लेन्स त्या क्षणी पंचाहत्तरच्या आसपासची झालेली असते. ही फसवणूक नव्हे, लेन्स आटोपशीर ठेवण्यासाठी रचनाकारांनी केलेली ती तडजोड आहे, पण घेणाऱ्याला ती ठाऊक असलेली बरी.

पाच सेंटिमीटर आणि पंचवीस सेंटिमीटर यांतला फरक किड्याच्या बाजूने पाहिला म्हणजे त्याचे महत्त्व पटते. खंडोबाचा किडा, म्हणजे पुढचे पाय जोडून बसणारा प्रार्थनाकीटक, बराच वेळ जागचा हलत नाही आणि ६० मिलिमीटरची लेन्स त्याला चालून जाते. चतुर किंवा उन्हे चढल्यावरचे फुलपाखरू मात्र तेवढ्या जवळ आलेल्या काळ्या नळीला थारा देत नाही. आंबोलीच्या जंगलात फांदीवर वेटोळे घालून बसलेल्या मलबार पिट व्हायपरसारख्या विषारी सापाच्या बाबतीत तर अंतराचा प्रश्न चित्राच्या दर्जाचा राहतच नाही. लांब लेन्सचा आणखी एक लाभ असा की तिच्या अरुंद दृष्टिकोनात मागच्या गवताचा फार थोडा भाग येतो, तोही विरघळलेल्या रंगासारखा, आणि त्यामुळे विषय स्वच्छ उठून दिसतो. मग सगळ्यांनी १८० मिलिमीटरच घ्यावी की काय, असा प्रश्न येतो. तसे होत नाही, याचे एक कारण वजन आहे. कॅननची १८० मिलिमीटर लेन्स किलोभराच्या वर भरते, तर तिची १०० मिलिमीटर एल ६२५ ग्रॅमची आहे, आणि चिखलात कोपरे टेकवून तासभर घालवणाऱ्याला हा फरक मनगटात कळतो. दुसरे आणि मोठे कारण प्रकाशाचे आहे, आणि तिथे अंतराचा हिशेब उलटा फिरतो.

प्रकाशाकडे वळण्यापूर्वी फोकसच्या खोलीची अडचण समजून घ्यायला हवी, कारण प्रकाशाची सारी निकड तिच्यातूनच जन्मते. फोकस ज्या प्रतलावर असतो त्याच्या पुढचामागचा जेवढा पट्टा डोळ्याला स्पष्ट भासतो त्याला ‘डेप्थ ऑफ फील्ड’ म्हणतात. निसर्गदृश्यात हा पट्टा काही किलोमीटरचा असू शकतो. फुल फ्रेमवर एकास एक विवर्धनाला, लेन्सचे छिद्र एफ/८ वर ठेवले असता (एफनंतरचा आकडा जितका मोठा तितके छिद्र बारीक), तो जेमतेम एक मिलिमीटर उरतो, आणि एफ/२.८ वर एक-तृतीयांश मिलिमीटर. विवर्धन पाचपट केले, तर एफ/२.८ वर तो ०.०४ मिलिमीटरवर येतो, म्हणजे माणसाच्या केसाच्या सर्वसाधारण जाडीपेक्षाही कमी. कोळ्याचे पुढचे दोन डोळे स्पष्ट असतील तर पाय धूसर, आणि पाय स्पष्ट असतील तर चित्र टाकाऊ. छिद्र बारीक करत नेले म्हणजे पट्टा वाढतो हे खरे, पण दोन बाजूंनी त्याची किंमत मोजावी लागते. जवळच्या अंतरावर लेन्सचे परिणामी छिद्र कॅमेऱ्याच्या आकड्यापेक्षा लहान झालेले असते. साध्या सूत्राने, लिहिलेल्या आकड्याला एक अधिक विवर्धन याने गुणले की परिणामी आकडा मिळतो, त्यामुळे एकास एकवर एफ/८ हे एफ/१६ सारखे वागते आणि पाचपटीवर तेच एफ/४८ होते. इतक्या बारीक छिद्रातून जाताना प्रकाशाच्या लहरी पसरतात, ज्याला विवर्तन म्हणतात, आणि सारे चित्र एकसारखे मऊ पडते. दुसरी किंमत अंधाराची आहे, कारण एकास एकवर सेन्सरपर्यंत पोहोचणारा प्रकाश एक-चतुर्थांश झालेला असतो. त्यात भर हाताच्या कंपाची. वस्तूच्या मानाने कॅमेरा दशांश मिलिमीटर सरकला तर प्रतिमाही तेवढीच सरकते आणि वर सांगितलेल्या चोवीस मेगापिक्सेलच्या सेन्सरवर ती सोळा-सतरा बिंदू फरफटते. कंप सावरणाऱ्या यंत्रणेचा इथे भरवसा कमी. कॅननने २००९ च्या १०० मिलिमीटर एल लेन्समध्ये बाजूला सरकण्याचा कंपही सावरणारी यंत्रणा बसवली, आणि तरीही साध्या अंतरावर चार स्टॉपचा (एक स्टॉप म्हणजे शटर दुप्पट वेळ उघडे ठेवण्याची मुभा) फायदा सांगणाऱ्या कंपनीने एकास एकवर दोनच स्टॉपचा दावा केला.

म्हणून या छायाचित्रणात फ्लॅश ही चैन नसून जवळजवळ गरज आहे. साधा कॅमेऱ्यावर बसणारा फ्लॅश एक-बत्तिसांश ताकदीवर चालवला तर त्याचा लखलखाट सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाच्या आसपासच टिकतो; शटर १/२०० सेकंद उघडे असले तरी सभोवतीचा प्रकाश मंद असल्यामुळे चित्र त्या क्षणिक लखलखाटाचेच बनते, आणि हाताचा कंप, वाऱ्याने डुलणारी काडी, किड्याची चुळबुळ हे सारे एकदम गोठते. उघड्या फ्लॅशचा प्रकाश मात्र कडक असतो आणि चकचकीत पाठीच्या भुंग्यावर तो पांढऱ्या डागासारखा भाजून उठतो. प्रकाशाचा मऊपणा उगमाच्या निव्वळ आकारावर ठरत नाही. वस्तूच्या जागेवरून तो उगम किती मोठा दिसतो त्यावर ठरतो. सूर्य प्रचंड असूनही दूर असल्यामुळे कडक सावल्या पाडतो आणि श्रावणातले ढगाळ आभाळ सगळीकडून वेढून असल्यामुळे मऊ उजेड देते. वीस सेंटिमीटर रुंदीचा पांढरा पारभासक पडदा पाच मिलिमीटरच्या कोळ्याच्या वर दहा सेंटिमीटरवर धरला, तर कोळ्याच्या दृष्टीने ते आभाळच असते. अशा पडद्याला डिफ्यूजर म्हणतात, तो तयार मिळतो, पण पुष्कळ कसलेले छायाचित्रकार ट्रेसिंग पेपर, थर्माकोलचे पातळ पत्रे, दुधाळ प्लास्टिकचे डबे आणि चिकटपट्टी यांतून तो स्वतः बनवतात, आणि या एका वस्तूच्या बाबतीत घरचे काम बाजाराच्या मालाला सहसा हार जात नाही.

लेन्सच्या तोंडाभोवती कड्यासारखा बसणारा रिंग फ्लॅश मॅक्रोची खूण म्हणून सर्वांत आधी नजरेत भरतो. तो मुळात दंतवैद्यांसाठी निघाला. लेस्टर डाइन यांनी १९५२ मध्ये तो तोंडाच्या पोकळीतली चित्रे घेण्यासाठी तयार केला असे मानले जाते, आणि जिथे सावली मुळीच नको तिथे तो आजही उत्तम आहे. निसर्गात त्याचा उपयोग बेताचाच. मृग लागल्यावर शेताच्या बांधावर दिसणाऱ्या मखमली लाल मृगाच्या किड्याची सारी शोभा त्याच्या लवेत आहे आणि लव दिसायला एका बाजूने तिरपा येणारा प्रकाश हवा; रिंग फ्लॅशखाली तो किडा सपाट लाल ठिपका होऊन बसतो. दवबिंदूच्या पानावरच्या चिकट थेंबांवर तर प्रत्येक थेंबात पांढऱ्या कड्याचे प्रतिबिंब उमटते आणि शेकडो थेंबांत शेकडो बांगड्या दिसू लागतात. दोन लहान दिवे दोन बाजूंना स्वतंत्रपणे वळवता येणारे ट्विन फ्लॅश या दोषातून सुटतात, पण साध्या फ्लॅशवर मोठा डिफ्यूजर लावून जे साधते त्यापेक्षा ते फार पुढे नेतात असे नाही, आणि किमतीत मात्र पुष्कळ पुढे जातात. अखंड जळणारे एलईडी दिवे स्थिर वस्तूला आणि चलचित्रणाला सोयीचे आहेत; हलत्या किड्यासाठी त्यांचा उजेड अपुरा पडतो.

अंतराचा हिशेब उलटा फिरतो तो इथे. कामाचे अंतर पाच सेंटिमीटर असेल तर लेन्सची स्वतःचीच सावली विषयावर पडते आणि डिफ्यूजर शिरायला जागा उरत नाही. ते पंचवीस झाले तर डिफ्यूजर तेवढा पुढे पोहोचवावा लागतो, नाहीतर तो वस्तूपासून दूर पडून लहान दिसू लागतो आणि उजेड पुन्हा कडक होतो. किड्याला जे अंतर मानवते ते प्रकाशाला मानवत नाही. ९० ते १०५ मिलिमीटरच्या लेन्स इतक्या लोकप्रिय का आहेत याचे खरे उत्तर या ओढाताणीत आहे: बारा-चौदा सेंटिमीटरवर बहुतेक कीटक टिकतात आणि फ्लॅशवर बसवलेला घरगुती डिफ्यूजर लेन्सच्या तोंडापुढे सहज येतो. टॅमरॉनने १९७९ मध्ये ९० मिलिमीटरची जी एफ/२.५ लेन्स काढली ती तर एकट्याने एकास दोनपर्यंतच जात होती, तरी तिच्या वंशातल्या लेन्स आजतागायत विकल्या जात आहेत. या पट्ट्यातल्या कोणत्याही नामांकित कंपनीच्या लेन्सची तीक्ष्णता आज इतकी चांगली आहे की तिच्यावरून वाद घालण्यात वेळ दवडू नये.

मॅक्रो लेन्सची किंमत पाच आकड्यांत जाते, म्हणून जवळ असलेल्या लेन्सकडूनच काम करून घेण्याचे मार्ग पूर्वीपासून शोधले गेले. त्यांतला सर्वांत सरळ मार्ग एक्स्टेन्शन ट्यूबचा. ही आतून पोकळ कडी लेन्स आणि कॅमेरा यांच्या मध्ये बसते, तिच्यात काच नसते, आणि लेन्स सेन्सरपासून दूर नेणे एवढेच तिचे काम असते. वाढलेल्या अंतराला फोकल लेंथने भागले की मिळणारे विवर्धन कळते, म्हणून ५० मिलिमीटरच्या लेन्सला २५ मिलिमीटरची ट्यूब एकास दोनपर्यंत आणि ५० मिलिमीटरची ट्यूब एकास एकपर्यंत नेते, तर २०० मिलिमीटरच्या लेन्सवर तीच ५० मिलिमीटर केवळ पाव पट वाढ देते. केंकोचा १२, २० आणि ३६ मिलिमीटर असा तीन ट्यूबचा संच मिळतो. ट्यूब घेताना एकच गोष्ट निक्षून पाहावी, ती म्हणजे विजेचे संपर्कबिंदू. ते नसलेली स्वस्त ट्यूब लावली तर आजच्या बहुतेक लेन्सचे छिद्र कॅमेऱ्यातून बदलताच येत नाही. ट्यूबऐवजी कापडी किंवा चामडी घडीचा भाता लावण्याची रीत स्टुडिओत अजून आहे, रानात तिचा उपयोग नाही.

क्लोज-अप लेन्स हा दुसरा मार्ग, म्हणजे फिल्टरसारखे पुढून बसवायचे बहिर्गोल भिंग. वाचायच्या चष्म्याचेच तत्त्व, आणि मोजमापही चष्म्याचेच, डायॉप्टरमध्ये. हजाराला डायॉप्टरच्या आकड्याने भागले की त्या भिंगाची फोकल लेंथ मिलिमीटरमध्ये निघते, आणि मुख्य लेन्स अनंतावर ठेवली असता कामाचे अंतरही साधारण तेवढेच राहते: चार डायॉप्टरला पंचवीस सेंटिमीटर, आठ डायॉप्टरला साडेबारा. मुख्य लेन्सच्या फोकल लेंथला या अंतराने भागून विवर्धन मिळते, म्हणून २०० मिलिमीटरच्या लेन्सवर चार डायॉप्टरचे भिंग ०.८ पट देते, जे जवळजवळ एकास एक झाले. ट्यूब लहान लेन्सला लाभते आणि क्लोज-अप लेन्स लांब लेन्सला, एवढे लक्षात ठेवले तरी बरेच पैसे वाचतील. काही शे रुपयांत मिळणारी तीन-चार भिंगांची पाकिटे एकाच काचेची असतात आणि कडांवर जांभळ्या-हिरव्या रंगाची झालर सोडतात. दोन-तीन काचा जोडून हा दोष घालवलेल्या भिंगांना ॲक्रोमॅट म्हणतात. रेनॉक्सचे आठ डायॉप्टरचे डीसीआर-२५० हे त्यांतले सर्वांत परिचित, ते चिमट्यासारखे लेन्सच्या तोंडावर बसते आणि क्षणात काढता येते. खऱ्या मॅक्रो लेन्सपुढे ते लावून एकास एकच्या पलीकडे जाणारे अनेक जण आहेत.

तिसरा मार्ग सर्वांत स्वस्त आणि सर्वांत चक्रम आहे. लेन्स उलटी करून, तिचे तोंड कॅमेऱ्याकडे आणि बूड किड्याकडे करून बसवणारे कडे, ज्याला रिव्हर्स रिंग म्हणतात, काही शे रुपयांत मिळते. साधी लेन्स मोठे जग लहान सेन्सरवर बसवण्यासाठी घडवलेली असते. उलटी केली की ती लहान जग मोठ्या सेन्सरवर पसरवते, म्हणून ५० मिलिमीटरची लेन्स सुमारे एकास एक, २८ मिलिमीटरची त्याच्या दुप्पट आणि कॅमेऱ्याबरोबर मिळणारी १८-५५ झूम १८ मिलिमीटरवर त्याहूनही पुढे जाते. छिद्रावरचा ताबा, फोकस आणि नोंदी हे सारे जाते आणि बुडाच्या काचेला धूळ-पावसाची हवा लागते. छिद्राचे कडे असलेली जुनी हाती चालणारी लेन्स यासाठी योग्य, आणि जुन्या बाजारात ती अजून सापडते. हाच खेळ पुढे नेऊन २०० मिलिमीटरच्या लेन्सपुढे ५० मिलिमीटरची लेन्स उलटी जोडली, तर दोन्हींच्या भागाकाराने चौपट विवर्धन मिळते. नवख्याने याच मार्गाने सुरुवात करावी असा सल्ला सर्रास दिला जातो. तो देणाऱ्यांनी स्वतः कोणत्या लेन्सने पहिला समाधानकारक फोटो काढला हे एकदा विचारून पाहावे. या युक्त्यांनी विवर्धन हाती येते, पण उलट्या लेन्सपुढे चार-पाच सेंटिमीटरचेच अंतर उरते आणि पुन्हा प्रश्न तोच येतो, उजेड आत शिरणार कुठून.

एकास एकच्या पलीकडची लेन्सही मिळते. कॅननने १९९९ मध्ये आणलेली एमपी-ई ६५ ही एकपट ते पाचपट एवढेच पाहू शकणारी, दूरचे काहीही न दिसणारी विलक्षण लेन्स होती. लाओवा या चिनी नाममुद्रेच्या दुपटीपर्यंत जाणाऱ्या ६० आणि १०० मिलिमीटर लेन्सनी पुढे हा पल्ला सामान्य खिशाच्या जवळ आणला, आणि कॅननची २०२१ ची आरएफ १०० मिलिमीटर १.४ पटीपर्यंत जाते. त्याहून वर जायचे तर सूक्ष्मदर्शकाचे वस्तुभिंग २०० मिलिमीटरच्या लेन्सपुढे बसवावे लागते. ब्रिटिश छायाचित्रकार लेव्हॉन बिस यांनी याच जोडणीने ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या निसर्ग संग्रहालयातील कीटकांची जी चित्रे काढली आणि २०१६ मध्ये ‘मायक्रोस्कल्प्चर’ या नावाने मांडली, त्यांतले प्रत्येक चित्र आठ हजारांच्या घरातील छायाचित्रांतून जुळवलेले होते. फोकस केसभर सरकवत घेतलेली अनेक चित्रे संगणकावर एकत्र करण्याच्या या तंत्राला फोकस स्टॅकिंग म्हणतात, आणि त्यासाठी झेरीन स्टॅकर व हेलिकॉन फोकस हे प्रोग्रॅम प्रचलित आहेत. बिस यांच्या कामातली अधिक शिकण्याजोगी गोष्ट मात्र आकड्यांपलीकडची आहे: कीटकाच्या शरीराचे लहान लहान भाग पाडून प्रत्येक भागाला त्यांनी वेगळा प्रकाश दिला. बर्लिनचे कलाशिक्षक कार्ल ब्लोसफेल्ट यांनी स्वतः बनवलेल्या कॅमेऱ्याने काढलेली वनस्पतींची विवर्धित चित्रे १९२८ मध्ये ‘उरफॉर्मेन डेर कुन्स्ट’ या ग्रंथात आली, तेव्हा आजच्यापैकी बहुतेक साधने नव्हती, आणि त्या चित्रांतले नेचाचे गुंडाळलेले कोंब आजही थक्क करतात.

बाकी सरंजामाचे थोडक्यात. ट्रायपॉड मशरूमला आणि पहाटेच्या दवात थिजलेल्या फुलपाखराला उपयोगी, चालत्या किड्याला निरुपयोगी; तो घ्यायचाच तर मधला दांडा काढून जमिनीलगत पसरणारा घ्यावा, किंवा त्याऐवजी तांदूळ भरलेली जाड कापडी पिशवी न्यावी. स्क्रू फिरवून कॅमेरा मिलिमीटरने पुढेमागे करणारी फोकसिंग रेल घरातल्या स्टॅकिंगसाठी राखून ठेवावी. मैदानात अनुभवी हात ऑटोफोकस बंद करून, हवे ते विवर्धन ठरवून, स्वतःचे शरीरच हलकेच पुढेमागे झुकवतात. मोबाइलचा मॅक्रो, विशेषतः रुंद लेन्सने दोन सेंटिमीटरवर फोकस करणारा, नोंदीसाठी चांगला आहे आणि स्वस्त मोबाइलवरचा दोन मेगापिक्सेलचा वेगळा मॅक्रो कॅमेरा जाहिरातीसाठी चांगला आहे. सह्याद्रीत आणि कोकणात सर्वांत मोलाचा सरंजाम मात्र हवाबंद डबा आणि त्यातली सिलिका जेलची पुडी हा होय, कारण पावसाळ्याच्या ओलीत काचेवर जाळे धरणारी बुरशी महागड्या लेन्सचा मुलाहिजा ठेवत नाही. सापेक्ष आर्द्रता चाळीस ते पन्नास टक्क्यांच्या दरम्यान राखली की ती सहसा धरत नाही.

खरेदीचा क्रम या सगळ्यातून निघतो. आधी ज्याचे चित्र घ्यायचे आहे त्या वस्तूची लांबी पट्टीने मोजावी, मग ती किती जवळ येऊ देते ते पाहावे, मग उजेड कुठून द्यायचा ते ठरवावे, आणि लेन्सचे नाव त्यानंतर काढावे. दागिने, नाणी, मोडी कागदपत्रे यांच्यासाठी ६० मिलिमीटर पुरेशी आहे, कारण नाणे उडून जात नाही. कीटकांसाठी ९० ते १०५, एक साधा फ्लॅश आणि घरी बनवलेला डिफ्यूजर. हातात ७०-२०० झूम असेल तर आधी चांगले ॲक्रोमॅट, आणि त्यावर वर्ष काढून मग पुढचा विचार.

कासवर जाणाऱ्यांनी आणखी एक हिशेब करावा. सातारा शहरापासून पंचवीसेक किलोमीटरवरचे हे पठार २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा स्थळांत गणले गेले, आणि ऑगस्टअखेरीपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत तिथे फुले असतात ती बोटभर मातीच्या थरावर. सीतेच्या आसवांच्या एका फुलासाठी पाच सेंटिमीटरवर लेन्स न्यायची तर छातीखाली शंभर फुले चिरडतात. वाटेवर राहूनच लांब लेन्सने जे मिळेल तेवढेच तिथे घ्यावे, आणि छोट्या लेन्सची हौस घरच्या कुंडीतल्या मुंग्यांवर भागवावी.